पौर्णिमेची ओहोटी

बॉस्टनच्या उपनगरातल्या त्या घरात फ्रिजवर रजांचा कागद चिकटवलेला असतो. वर्षाच्या पंधरा रजा. त्यातल्या दहा डिसेंबरातल्या भाचीच्या लग्नासाठी आधीच राखून ठेवलेल्या, कारण अलिबागला जाऊन यायचं तर त्याहून कमी दिवसांत भागत नाही. दोन मुलीच्या आजारपणासाठी. उरल्या तीन. अमेरिकेत कामगाराला पगारी सुट्टी दिलीच पाहिजे असा केंद्राचा कायदा नाही. कंपनी देईल तेवढी रजा खरी. त्यामुळे परदेशातल्या मराठी घरांत रजा पै-पैसारखी मोजली जाते आणि उन्हाळ्याच्या वाट्याला येते ती चिमूटभर सुट्टी. गुरुवार, शुक्रवार रजा टाकायची, शनिवार-रविवार जोडून घ्यायचा, की झाले चार दिवस.

यंदा या चार दिवसांना एक सोबती होता. अलिबागहून आलेले आजोबा, वय बहात्तर, गुडघे कुरकुरणारे, पण समुद्र म्हटला की आधी पायात चपला घालून तयार. त्यांच्या लेकीला डोंगर हवा होता. कॉलेजात असताना तिने सह्याद्रीत पायपीट केलेली. जावयाला गर्दी नको होती. नऊ वर्षांच्या नातीला पाणी हवं होतं. समुद्र आणि डोंगर एकाच दिवशी, तेही बहात्तराव्या वर्षाला झेपेल अशा बेताने, कुठे मिळणार? कोकणात समुद्र आहे आणि सह्याद्रीही आहे, पण कड्यावरून उतरून वाळूत पाय टाकेपर्यंत दिवस जातो. बॉस्टनपासून उत्तरेला पाच तासांच्या अंतरावर, मेन राज्यात एक बेट मात्र असं आहे की जिथे डोंगर थेट लाटांतूनच वर येतो. माउंट डेझर्ट आयलंड त्याचं नाव. त्याचा मोठा भाग अकेडिया राष्ट्रीय उद्यानात येतो.

नाव ऐकून वाळवंट डोळ्यांसमोर येतं. तसं तिथे काही नाही. १६०४च्या सप्टेंबरात साम्युएल द शाम्प्लँ हा फ्रेंच दर्यावर्दी इथून गेला. समुद्रावरून पाहताना डोंगरांचे माथे त्याला बोडके दिसले, म्हणून त्याने याला ओसाड डोंगरांचं बेट म्हटलं. तो येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे राहणारे वाबानाकी लोक बेटाला पेमेटिक म्हणत, म्हणजे उताराची जमीन. माथे आजही बोडके आहेत. गुलाबी ग्रॅनाइटचे ते गोलसर खडक आणि खाली गर्द हिरवं सूचिपर्णी रान. हा ग्रॅनाइट सुमारे ४२ कोटी वर्षांचा. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट साडेसहा कोटींच्या घरातला, म्हणजे या खडकापुढे अगदी तरुण. हिमयुगात बर्फाच्या थरांनी हे डोंगर घासले, गुळगुळीत केले आणि जाताना परक्या जातीचे मोठाले धोंडे माथ्यावर टाकून दिले. बबल रॉक नावाचा असाच एक धोंडा कड्याच्या टोकावर हजारो वर्षं टेकून उभा आहे.

गुरुवार प्रवासात गेला. शुक्रवारी सकाळी दहाला सगळे निघायला हवे होते, पण जावई फोन घेऊन बसला होता. बेटावरच्या कॅडिलॅक डोंगरावर गाडी न्यायची तर २०२१पासून उन्हाळ्यात आधी वेळ आरक्षित करावी लागते आणि बहुतेक जागा बरोबर दोन दिवस आधी, सकाळी दहाच्या ठोक्याला खुल्या होतात. रविवारच्या सूर्योदयाची जागा मिळाली. तोवर, जिथे जायचं होतं त्या सँड बीचचा वाहनतळ भरून गेला होता. दरवर्षी सुमारे ४० लाख लोक ज्या उद्यानात येतात त्याचं क्षेत्र बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या साधारण दुप्पट. त्यातही बहुतेक लोक उन्हाळ्याच्या त्याच मोजक्या आठवड्यांत येतात. गाडी ठेवायला जागा न मिळणं हे तिथे ठरलेलंच.

मग बस. १९९९पासून उन्हाळ्यात या बेटावर आयलंड एक्सप्लोरर नावाची बससेवा चालते. तिकीट नाही. गावातून निघते, पायवाटांच्या तोंडाशी थांबते. रस्त्यात हात दाखवला आणि गाडी थांबवायला सुरक्षित जागा असली तर तिथेही थांबते. आजोबांना ही बस फार आवडली. लेकीकडे आल्यापासून ते कुठेही जायचं म्हणजे कुणीतरी गाडी काढण्याची वाट पाहत होते. अमेरिकेच्या उपनगरात गाडी न चालवणारा माणूस घरातच अडकतो, मग तो कितीही धडधाकट असो. भारतातून लेकाकडे, लेकीकडे आलेल्या कितीतरी आईवडिलांचे सहा महिने खिडकीतून रस्ता पाहण्यात जातात. इथे आजोबा स्वतः उठून बसमध्ये चढत, खिडकीची जागा धरत, स्वतः उतरत. चार दिवसांच्या सुट्टीने त्यांना काय दिलं असं कुणी विचारलं तर पहिली गोष्ट हीच सांगावी लागेल.

सँड बीच हा जेमतेम पाव किलोमीटरचा किनारा, दोन कड्यांच्या कुशीत. वाळू फिकी, चमकती. हातात घेऊन जवळून पाहिली तर त्यात शिंपल्यांचा चुरा दिसतो, कारण ही वाळू मुख्यतः त्याचीच बनली आहे. अलिबागची वाळू काळपट. आजोबांनी मूठभर वाळू तळहातावर पसरली, बोटाने फिरवली आणि नातीला म्हणाले, "ही वाळू नाही गं, ही सगळी घरं आहेत." नात मात्र तोवर पाण्याकडे पळाली होती. गुडघाभर पाण्यात गेली आणि किंचाळून परत आली. भर ऑगस्टातही इथलं पाणी तेरा अंश सेल्सिअसच्या वर क्वचितच जातं. कोकणात उन्हाळ्यात हेच पाणी अठ्ठावीस-एकोणतीस अंशांपर्यंत तापतं. उत्तरेकडून येणारा थंड प्रवाह मेनच्या आखातात शिरतो आणि जोरकस भरती-ओहोटी खालचं गार पाणी सतत वर ढवळत राहते. हेच आखात आज जगातल्या सर्वांत वेगाने तापणाऱ्या समुद्री भागांपैकी एक आहे, हे त्या गारठ्यात उभं राहून खरं वाटत नाही. पण दक्षिणेकडच्या न्यू इंग्लंडमध्ये शेवंडांची मासेमारी बसली आहे ती पाणी तापल्यामुळेच, आणि मेनमधले मच्छीमार तिकडे काळजीने बघत असतात.

मुलगी आणि जावई बीहाइव्ह चढायला गेले. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा हा कडा किनाऱ्याच्या थेट वर उभा आहे. उंची फक्त ५२० फूट. पण ती वाट म्हणजे कड्याच्या अंगाला ठोकलेल्या लोखंडी कड्या आणि गज. एक हात वर, एक पाय वर, पाठीमागे मोकळं आकाश आणि खाली समुद्र. तिला कळसूबाईच्या शिड्या आठवल्या. तिथे माणूस १६४६ मीटरच्या शिखराकडे जात असतो, इथे दीडशे-एकशेसाठ मीटर. पण शिडीवर हात घट्ट आवळताना पोटात उठणारा गोळा दोन्हीकडे सारखाच. चढायचं या वाटेने आणि उतरायचं मागच्या बाजूने, बोल नावाच्या तळ्याकडून, असा इथला शिरस्ता, कारण कड्यांवर वरचा आणि खालचा माणूस एकमेकांसमोर आले तर दोघांचीही पंचाईत होते. खाली वाळूत बसून आजोबा आणि नात कड्यावरचे ठिपके मोजत होते. निळा ठिपका आई. तो एका जागी बराच वेळ थांबला तेव्हा आजोबा उठून उभे राहिले. ठिपका हलला तेव्हा बसले.

वाट उतरल्यावर सर्वांनी आधी पायमोजे तपासले. इथल्या गवतात हरणांवरच्या गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. मेनमध्ये त्याचे रुग्ण बरेच. म्हणून जाणती माणसं लांब विजार घालतात, तिची टोकं मोज्यांत खोचतात आणि संध्याकाळी अंघोळीच्या वेळी अंग नीट तपासतात. गोचीड हा शब्द आजोबांनी गोठ्याबाहेर पहिल्यांदाच ऐकला.

बोडक्या खडकावर पायवाट उमटत नाही. मग वाट कळते कशी? सह्याद्रीत खडकावर रंगाने बाण काढतात. इथे दगडांच्या लगोऱ्या रचलेल्या असतात, पण साध्या नव्हेत. दोन पायाचे दगड, त्यांच्यावर आडवी शिळा, शिळेवर एक छोटा दिशा दाखवणारा दगड. एखाद्या लहानशा देवळाच्या दारासारखी ही रचना वॉल्ड्रन बेट्स या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरवली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. येणाऱ्यांनी त्यात दगड घालू नये, काढू नये, गंमत म्हणून नव्या लगोऱ्या रचू नयेत, असं उद्यानाचे लोक परोपरीने सांगतात. धुकं उतरलं की पुढच्या माणसाचा जीव त्या एका दगडावर अवलंबून असतो.

या बेटाची सगळ्यात मोठी गोष्ट निसर्गाची नाही, जमिनीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे श्रीमंतांनी उन्हाळी वाडे बांधायला सुरुवात केली. लाकूडतोड आणि घरबांधणी बेट गिळणार हे दिसू लागलं तेव्हा त्याच श्रीमंतांतल्या काहींनी १९०१मध्ये एक विश्वस्त संस्था काढली आणि जमिनी मिळवून लोकांसाठी राखायला सुरुवात केली. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट त्यात होते आणि जॉर्ज डॉर होते. डॉर यांनी तर आयुष्य आणि स्वतःची संपत्ती यात घातली. १९१६मध्ये जमीन सरकारला दिली गेली, १९१९मध्ये तिचं राष्ट्रीय उद्यान झालं, मिसिसिपीच्या पूर्वेकडचं पहिलं. आजचं नाव १९२९चं. जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी दहा हजारांहून जास्त एकर दिले आणि १९१३ ते १९४०च्या दरम्यान घोडागाड्यांचे खडीचे रस्ते बांधले. त्यांतले ४५ मैल उद्यानात आहेत. मोटारींना त्यांवर आजही मज्जाव आहे. रस्त्याच्या कडेला बसवलेल्या ग्रॅनाइटच्या ओबडधोबड ठोकळ्यांना लोक रॉकफेलरचे दात म्हणतात. आजोबा शनिवारी सकाळी या रस्त्यावरून दोन तास चालले आणि दमल्यावर त्यातल्याच एका दातावर टेकले.

ही देणगी किती मोलाची, ते मेनचा कायदा ठाऊक झाल्यावरच कळतं. मेन आणि मॅसॅच्युसेट्समध्ये वसाहतकाळातल्या एका फर्मानामुळे किनाऱ्याची मालकी ओहोटीच्या रेषेपर्यंत खासगी असू शकते. भरती ओसरल्यावर उघडी पडणारी ओली जमीनही मालकाची. त्या फर्मानाने लोकांना तिथे हक्क दिला तो तीनच गोष्टींचा, मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि होडी हाकणं. नुसतं फिरायला किंवा वाळूत बसायला नाही. १९८९मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वेल्स गावाच्या खटल्यात हेच कायम केलं. जावयाने हे सांगितलं तेव्हा आजोबांना ते आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. "ओहोटीची जमीन? कुणाची?" त्यांनी पुन्हा विचारलं. सत्तर वर्षं ज्या माणसाने ओहोटी लागली की पायांनी चालत कुलाबा किल्ला गाठला, त्याच्या दृष्टीने ती जमीन कुणाची असूच शकत नाही. ती दिवसातून दोनदा समुद्राची आणि दोनदा सगळ्यांची. मेनमध्ये ती सगळ्यांची व्हावी म्हणून कुणाला तरी ती मुद्दाम देऊन टाकावी लागली.

शनिवारी दुपारी जॉर्डन पाँडवर चहा झाला. हिरवळीवर बसून, समोर तळं आणि तळ्यामागे दोन जुळे गोल डोंगर पाहत पॉपओव्हर खायची इथे एकोणिसाव्या शतकापासूनची पद्धत. पॉपओव्हर म्हणजे आतून पोकळ, टम्म फुगलेला, अंड्या-दुधाच्या पिठाचा पाव. गरम फोडायचा, आत लोणी आणि स्ट्रॉबेरीचा जॅम. तळ्याचं पाणी आसपासच्या लोकांना प्यायला जातं, म्हणून त्यात पोहायची बंदी. नातीने काठावरून फक्त बोटं बुडवली, तीही आईकडे बघत बघत. आणि मग सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे लागलं, कारण त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती.

आजोबांना घरून निघाल्यापासून तिथी ठाऊक होती. कोकणातल्या दर्यावर्द्यांचा एक जुना ठोकताळा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, भरती सहाला. पौर्णिमा पंधरावी, तिची सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते, म्हणून हे गणित जमतं. पण पौर्णिमेची भरती किती वाजता यावी हे प्रत्येक किनाऱ्याचं वेगळं असतं. समुद्रतळ कसा आहे, आखाताचा आकार कसा आहे, त्यावर ते ठरतं. मुंबई-अलिबागला ती दुपारी बाराच्या आगेमागे येते. बार हार्बर गावातल्या दुकानात भरतीचा छापील तक्ता लावलेला होता. त्यात पौर्णिमेची भरती बाराच्या थोडी आधी होती आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमाराला. ठोकताळ्याशी अर्ध्या तासाचा फरक. आजोबांनी चष्मा लावून तक्ता दोनदा वाचला. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते लेकीने तिच्या घरी आल्यापासून पाहिलं नव्हतं. या देशात पहिल्यांदा त्यांना काहीतरी आधीच येत होतं.

बार हार्बरच्या समोर बार आयलंड आहे. भरतीच्या वेळी ते खरंखुरं बेट. ओहोटीच्या आधी दीड तास ते नंतर दीड तास, एवढा वेळ मधला खडी-वाळूचा दांडा उघडा पडतो आणि गावातून चालत पलीकडे जाता येतं. गावाला नाव पडलं ते याच दांड्यावरून. १९१८पर्यंत या गावाला ईडन म्हणत. अलिबागच्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. कुलाबा किल्ल्याचं हेच, हाजी अलीच्या वाटेचं हेच. परत फिरायची वेळ चुकली तर पलीकडे अडकायचं, पुढच्या ओहोटीपर्यंत. इथे काही जण मोटारी दांड्यावर उभ्या करून फिरायला जातात आणि परत येईपर्यंत त्या पाण्यात गेलेल्या असतात.

पाच वाजता चौघं निघाले. पौर्णिमेचं उधाण असल्याने पाणी खूप आत गेलेलं. इथे भरती-ओहोटीत एरवीही दहा फुटांचा फरक पडतो. त्या संध्याकाळी तो बाराच्या घरात असावा. पायाखाली निळ्या-काळ्या शिंपल्यांचे थर, खडकांना चिकटलेले पांढरे बार्नेकल, फोडांचं तपकिरी शेवाळ. आजोबा वाकून प्रत्येक डबक्यात बघत. त्यांच्या पिशवीत नारळ होता. तो समुद्राला वाहायचा की नाही यावर सकाळीच बोलणं झालं होतं. उद्यानात काही टाकायचं नाही आणि काही उचलायचंही नाही. नातीने खिशात घातलेला गुलाबी खडासुद्धा तिला परत ठेवायला लावला होता. आजोबांनी दांड्याच्या मध्यावर उभं राहून नारळ दोन्ही हातांत धरला, पाण्याकडे तोंड केलं, डोळे मिटले. मग नारळ परत पिशवीत गेला. रात्री भाड्याच्या खोलीतल्या छोट्या शेगडीवर त्याचाच नारळीभात झाला. खवणी नव्हती. लेकीने खोबरं किसणीवर किसलं, बोटं सोलून घेत.

गावातल्या जेट्टीवर त्या संध्याकाळी शेवंडांच्या होड्या ओहोटीमुळे खूप खाली टेकलेल्या दिसत होत्या. इथल्या मच्छीमारांचा एक नियम आजोबांनी जावयाकडून दोनदा समजून घेतला. अंडी असलेली मादी पिंजऱ्यात आली तर तिच्या शेपटीला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडून ती सोडून द्यायची. पुढच्या वेळी तिच्याजवळ अंडी नसली तरी खाच पाहून कोणीही तिला धरायचं नाही. फार लहान शेवंड परत पाण्यात, फार मोठंही परत पाण्यात. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात तेव्हा माशांची वीण होते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा समुद्रात जायचं, हे आजोबांनी जावयाला सांगितलं. दोघं जेट्टीवर बराच वेळ बोलत राहिले. आजवर इतकं सलग बोलणं झालेलं कुणालाच आठवत नव्हतं.

रविवारचा सूर्योदय दिसला नाही. कॅडिलॅकच्या १५३० फुटांच्या माथ्यावर, अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या सर्वांत उंच जागी, पहाटे पाचला चौघं शाली गुंडाळून बसले होते आणि समोर फक्त पांढरं धुकं होतं. या डोंगराला ज्याचं नाव आहे त्या फ्रेंच सरदाराने पुढे १७०१मध्ये डेट्रॉइट वसवलं आणि त्याच्याच नावाच्या गाड्या निघाल्या, हे जावयाने सांगून झालं. धुकं हललं नाही. मग नातीला खडकाच्या फटीत गुडघ्याएवढीही उंची नसलेली झुडपं दिसली. जंगली ब्लूबेरी, ऑगस्टात पिकणारी, मटाराहून लहान. खाण्यापुरती तोडायला इथे हरकत नसते. आजोबांनी चार तोंडात टाकल्या आणि म्हणाले, "करवंदाची धाकटी बहीण." अर्धा तास चौघं धुक्यात गुडघ्यांवर बसून खात होते. जिभा जांभळ्या झाल्या.

परतीच्या वाटेवर बेलफास्ट नावाच्या बंदरगावात जेवायला गाडी थांबली. दशम्या, लसणाची चटणी, बाटलीतलं ताक. नात मात्र बाकावर बसेना. तिने बोटांवर हिशेब केला होता. काल पौर्णिमा, म्हणजे आज प्रतिपदा. एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे भरती पाऊण वाजता. घड्याळात बारा चाळीस झाले होते. ती धक्क्याच्या कठड्यापर्यंत धावत गेली, वाकून खाली पाहिलं. धक्क्याच्या खांबांवरची शेवाळाची हिरवी रेघ पाण्याखाली गेली होती आणि होड्या रस्त्याच्या पातळीला आल्या होत्या. "आजोबा, आलं!" ती ओरडली. आजोबा हातातली दशमी तशीच ठेवून उठले आणि गुडघ्यावर हात ठेवत तिच्याकडे निघाले.